काळ्या धुराचा माग

नगरहून जामखेडकडे निघालेला रस्ता चिचोंडी पाटील मागे टाकून बीड जिल्ह्यात शिरतो. मग कडा लागतं आणि त्यापुढे आष्टी. जिल्ह्याचं हे पश्चिम टोक पावसाच्या बाबतीत कमनशिबी. नगरची बाजारपेठ जवळ आणि स्वतःच्या जिल्ह्याचं ठिकाण लांब, अशी त्याची अवस्था. नगर ते आष्टी ही ६६ किलोमीटरची रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी धावू लागली. तोवर इथलं येणं-जाणं एसटीवर आणि डिझेल जीपवर चालायचं. वाड्या-वस्त्यांपर्यंत आजही जीपच जाते. लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याची निकड, कांद्याच्या गोण्या, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गोळा करत फिरणारा मुकादम, सगळ्यांच्या उपयोगी पडणारी एखादी बोलेरो नाहीतर पिकअप गावात असतेच.

या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते: गाडी धूर मारतेय आणि ओढत नाही. चढावर पाय दाबला की मागे काळा लोट उठतो. स्लोवर इंजिन थरथरतं आणि डिझेल पूर्वीपेक्षा जास्त लागतं. तक्रार एकच, पण संशयित पाच-सहा. एअर फिल्टर चोंदलेला असेल (तो आधी बघावा, पाच मिनिटांचं काम आहे). टर्बोचा होज फाटला असेल, इंजेक्टर टपकत असतील, डिझेल पंपाचं टायमिंग हललं असेल. किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (जळक्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडाच अडकला असेल. आणि तो अडकला असेल तर त्याला उघडायचा-मिटायचा हुकूम देणारा सोलेनॉइड बिघडला असेल. हे प्रकरण या शेवटच्या संशयिताचं आहे. त्याची तपासणी जवळपास फुकट होते, तरी त्याच्याकडे पाळी येते सगळ्यात शेवटी. इंजेक्टर उतरवून, पंप नगरला कॅलिब्रेशनला पाठवून, हजारोंचा चुराडा झाल्यावर. हा क्रम उलटा आहे, एवढंच मला इथे पटवून द्यायचं आहे.

मुळात सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू परत इंजिनात कशाला पाठवायचा? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा वेडेपणाच वाटतो. कारण असं की हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान साधारण चौदाशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो ऑक्सिजनशी जुळायला लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. इंजिनवाले त्यांना ‘नॉक्स’ म्हणतात. ही ऑक्साइडं फुप्फुसांना त्रास देतात आणि उन्हात इतर वायूंशी मिसळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. वातावरणात उंचावर असलेला ओझोन आपल्याला तारक असला, तरी जमिनीलगतचा माणसांना आणि पिकांनाही मारक ठरतो.

जळक्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त. हे दोन्ही वायू तापायला जास्त उष्णता घेतात. म्हणून ताज्या हवेचा थोडा भाग काढून त्या जागी हा वायू भरला की ज्वाळेचा पारा उतरतो आणि नॉक्स झपाट्याने कमी होतं. डिझेल इंजिनात हलक्या भाराला हवा तशीही गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे तिथे हे खपून जातं. भार वाढला, चढ आला, की मात्र इंजिनाला सगळी हवा लागते. त्या क्षणी व्हॉल्व्ह मिटलाच पाहिजे. तो मिटला नाही तर डिझेल पुरतं जळत नाही आणि अर्धवट जळालेला कार्बन मागच्या नळीतून बाहेर पडतो. काळा धूर येतो तो इथून.

अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून पेट्रोल गाड्यांत ही युक्ती सर्रास आली. तिच्यामागे लॉस एंजेलिसचं धुरकं आणि कॅलिफोर्नियाचे कडक नियम होते. आपल्याकडे ती डिझेल जीपमध्ये उतरली भारत स्टेज मानकांच्या रेट्याने. बीएस-३ देशभर २०१० साली लागू झालं, बीएस-४ एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ एप्रिल २०२० पासून. डिझेल मोटारीला नॉक्सची मुभा बीएस-३ मध्ये किलोमीटरला ५०० मिलिग्रॅम होती. बीएस-४ मध्ये ती २५० झाली, बीएस-६ मध्ये ८०. नव्या गाड्यांत ईजीआर बहुधा छोट्या विजेच्या मोटरने हलतो. व्हॅक्यूमवर चालणारा प्रकार त्याआधीच्या पिढीचा. पण शहरात विकली गेलेली गाडी दहा वर्षांनी तालुक्याच्या गावात येते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिथेच राबते. आष्टीच्या गॅरेजमध्ये व्हॅक्यूमचा ईजीआर अजून पुष्कळ दिवस दिसणार आहे.

आता हा व्हॉल्व्ह हलवतो कोण? पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलमध्ये तो मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. ईजीआरच्या डोक्यावरच्या डबीत रबरी पडदा, त्याला जोडलेली दांडी आणि वरून स्प्रिंग असते. डबीतली हवा ओढली की पडदा वर जातो आणि व्हॉल्व्ह उघडतो. हवा परत आत सोडली की स्प्रिंग त्याला मिटवते. या ओढीला कमी लेखू नये. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर ४०० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम असला तर बाहेरची हवा त्याला सुमारे साडेदहा किलोच्या जोराने ढकलते.

याच पंपावर ब्रेकचा बूस्टरही चालतो. ईजीआरच्या बारीक नळीला मोठी चीर गेली तर ब्रेकचा पेडलसुद्धा कडक लागू शकतो. तेव्हा ‘धूर मारतेय’ म्हणत आलेल्या चालकाला पहिला प्रश्न ब्रेकबद्दल विचारावा. तो ‘हो, थोडा कडक झालाय खरा’ म्हणाला, तर ईजीआरचं काम बाजूला ठेवून आधी पंप आणि नळ्या बघाव्यात. सौताड्याचा घाट उतरताना कमी ओढीच्या बूस्टरवर भरवसा ठेवणं परवडणारं नाही.

पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बसतो आपला सोलेनॉइड. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याला दोन तारांचा कपलर असतो आणि हवेच्या तीन वाटा. एक वाट पंपाकडून येते, दुसरी ईजीआरच्या डबीकडे जाते आणि तिसरी बाहेरच्या हवेत उघडते. वीज नसली की दुसरी आणि तिसरी वाट एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे डबीत साधी हवा असते आणि व्हॉल्व्ह मिटलेला असतो. वीज मिळाली की आतलं लोखंडी टोक सरकतं, तिसरी वाट बंद होते आणि पंपाची ओढ डबीपर्यंत पोचते. साध्या प्रकारात एवढंच, चालू किंवा बंद. सुधारलेल्या प्रकारात गाडीतला संगणक वीज सेकंदाला असंख्य वेळा तोडतो-जोडतो आणि त्या प्रमाणात व्हॅक्यूम कमी-जास्त होतो. मग व्हॉल्व्ह पाव, अर्धा, पाऊण असा हवा तितका उघडता येतो.

पंपाची वाट आणि ईजीआरची वाट सगळ्यांना ठाऊक असते. तिसरीकडे कुणी बघत नाही, कारण तिला नळीच नसते. असतं ते फक्त स्पंजाचं किंवा फेल्टचं इवलंसं फिल्टर, प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं. गोडेतेलाच्या डब्याला हवेसाठी दुसरं भोक पाडलं नाही तर तेल अडून-अडून पडतं, तसंच इथे होतं. फिल्टर चोंदलं की डबीतला व्हॅक्यूम सुटत नाही, आणि व्हॅक्यूम सुटत नाही तोवर व्हॉल्व्ह मिटत नाही. संगणक ‘बंद कर’ म्हणतो, सोलेनॉइड ते ऐकतोही, पण आत यायला हवाच नसते. माळरानाचे कच्चे रस्ते, उन्हाळ्यातला फुफाटा, ऊसाच्या फडापर्यंत होणाऱ्या फेऱ्या आणि वर इंजिनातल्या तेलाचा चिकटा यांत त्या स्पंजाचं काय होतं, हे टोपी काढून एकदा बघण्यासारखं आहे. मल्टीमीटरवर असा सोलेनॉइड ठणठणीत दिसतो. म्हणून विजेच्या बाजूने सुरुवात करणारा मिस्त्री त्याला निर्दोष सोडतो आणि इंजेक्टरकडे वळतो.

बिघाडाच्या दोन दिशा ध्यानात ठेवल्या की पुढचा गोंधळ टळतो. व्हॉल्व्ह मिटत नसेल तर धूर, थरथर आणि पिकअपची बोंब. उघडत नसेल तर चालकाला बहुधा काहीच कळत नाही, उलट गाडी जरा मोकळी वाटते. नॉक्सला रंग नाही, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही. पेट्रोल गाडीत इंजिन ठोकण्याचा आवाज येऊ शकतो, पण डिझेलमध्ये तेवढीही सूचना मिळत नाही. इंजिनाचा दिवा लागला तरच कळतं.

तपासणी कुठून सुरू करावी? माझं उत्तर ठाम आहे: सोलेनॉइडमधून ईजीआरकडे जाणाऱ्या नळीवरून. पंप, पंपाची नळी, सोलेनॉइड, पुढची नळी, डबी आणि वायूची वाट अशी ही रांग आहे. तिच्या मधोमध व्हॅक्यूम गेज लावलं की एका मोजमापात अर्धे संशयित सुटतात. एक टी-जोड, हातभर नळी आणि गेज एवढं सामान पुरतं. गाडी सपाट जागेवर उभी करावी, चाकांना दगड लावावेत, शेड बंद असेल तर बाहेर काढावी. नळी फॅनच्या पट्ट्यापासून लांब बांधावी.

इंजिन पुरतं तापू द्यावं. ही अट महत्त्वाची आहे, कारण थंड इंजिनात संगणक ईजीआर मुद्दाम बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत पाण्याचं तापमान साठ-सत्तर अंशांच्या वर गेल्याशिवाय हुकूमच निघत नाही. काही गाड्या फार वेळ स्लोवर ठेवल्या तरी तो बंद करतात. सकाळी थंड गाडीवर गेज लावून ‘व्हॅक्यूम येत नाही, सोलेनॉइड गेला’ असा निकाल देणाऱ्यांची कमी नाही.

तापलेल्या इंजिनावर हलकी रेस देऊन गेज बघावं, मग एकदम पूर्ण रेस द्यावी. हलक्या रेसला काटा चढला आणि पूर्ण रेसला झटकन शून्यावर आला, तर पंपापासून सोलेनॉइडपर्यंतचं सगळं चोख आहे. दोष असलाच तर पुढे डबीत किंवा कार्बनमध्ये. काटा चढला पण रेस दाबल्यावर खाली यायला रेंगाळला, तर ती तिसरी वाट चोंदलेली समजा. चढलाच नाही, तर मागे चला. सोलेनॉइडची पंपाकडची नळी काढून गेज थेट तिच्यावर लावा.

इथे एक बारकावा आहे. पुस्तकांत पंपाचा आकडा बहुधा समुद्रसपाटीचा धरलेला असतो. तिथे हवेचा दाब ७६० मिलिमीटर. नगर-आष्टीच्या पट्ट्यासारख्या पाच-सहाशे मीटर उंचीवर तो जेमतेम ७०५ ते ७१५ भरतो. बाहेर जेवढी हवा आहे तिच्याहून जास्त व्हॅक्यूम कोणताच पंप दाखवू शकत नाही. म्हणून पुस्तकात ७०० लिहिलंय आणि गेज ६५० दाखवतंय एवढ्यावरून पंप खराब ठरवू नये. पण ४०० च्या आसपास घुटमळत असेल तर पंप किंवा नळी नक्कीच दोषी. नळी वाकवून बघावी. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि टोकाला केसाएवढी चीर जाते. ती सरळ नळीत दिसत नाही, वाकवली की उघडते. दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून नळी परत बसवली की पुष्कळ गाड्या जागेवर बऱ्या होतात.

पुढच्या अर्ध्या भागाची तपासणी हातपंपाने करतात. हातपंप नसेल तर औषधांच्या दुकानातली साठ मिलिलिटरची सिरिंज चालते. डबी आणि नळी मिळून चाळीसेक मिलिलिटर हवा धरली, तर पूर्ण सिरिंज ओढल्यावर तेवढीच हवा शंभर मिलिलिटरमध्ये पसरते आणि दाब चाळीस टक्क्यांवर येतो. म्हणजे आपल्या उंचीवर सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास व्हॅक्यूम. व्हॉल्व्ह उघडायला तेवढा पुरतो. तोंडाने नळी ओढून बघायची जुनी सवय मात्र सोडावी. आत काजळी आणि तेल असतं.

इंजिन स्लोवर ठेवून सिरिंज ओढली की इंजिनाचा आवाज बदलायला हवा, ते डचमळायला हवं, कधी बंदही पडतं. तसं झालं तर पडदा, दांडी आणि वायूची वाट तिन्ही जिवंत आहेत. काहीच फरक पडला नाही, पण सिरिंजचा दांडा ओढ धरून राहिला, तर पडदा चांगला आहे आणि व्हॉल्व्ह कार्बनने चिकटलाय किंवा त्याची वाट भरलीय. तो काढून साफ करावा. दांडा सैल राहिला, ओढ टिकलीच नाही, तर पडदा फाटला आणि व्हॉल्व्ह बदलल्यावाचून गत्यंतर नाही. धुराची तक्रार असेल तर उलटी खूण बघायची: सिरिंज सोडल्यावर इंजिन लगेच सावरतं का? नाही सावरलं तर व्हॉल्व्ह उघडा चिकटलाय.

आता सोलेनॉइड हातात घ्यायचा. कपलर काढून दोन पायांमधला रोध मोजावा. गाडीगणिक आकडा वेगळा असतो, पण बहुतेक सोलेनॉइड १० ते ४० ओमच्या दरम्यान येतात. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा अंतिम मानावा. मीटरने अनंत दाखवलं तर कॉइल तुटली, एक-दोन ओम दाखवले तर ती आतल्या आत जळून जुळली. एक पाय आणि बाहेरचं धातूचं अंग यांत रोध सापडला तर ती अर्थ झालीय. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे वीस अंशांना १५ ओम दाखवणारी कॉइल ऐंशी अंशांना साडेअठराच्या जवळ जाते. हा दोष नव्हे. पण गार असताना बरोबर आणि गरम झाल्यावर एकदम तुटणारी कॉइल हा नेहमीचा छळ आहे. मे महिन्यात दुपारी बंद पडते आणि संध्याकाळी गॅरेजला आणली की शहाण्यासारखी चालते. अशीला गरम असतानाच मोजावं, नाहीतर हेअर ड्रायरने तापवून.

मग हवेची परीक्षा. सोलेनॉइड गाडीवरून काढून, वीज न देता, ईजीआरच्या वाटेतून स्वच्छ नळीने हवा ढकलावी. ती तिसऱ्या वाटेने मोकळी बाहेर आली पाहिजे. जोर लावावा लागला तर फिल्टर दोषी. ते निघत असेल तर काढून धुवावं, निघत नसेल तर सोलेनॉइड बदलावा. स्पंज काढून उघडं ठेवू नये, कारण मग धूळ थेट आत जाईल. पंपाची वाट या वेळी बंद असली पाहिजे. नंतर एक अँपिअर किंवा थोड्या मोठ्या फ्यूजमधून बॅटरीची वीज क्षणभर द्यावी. ‘टक’ असा आवाज यावा आणि पंपाची वाट ईजीआरच्या वाटेला जोडली जावी. पंधरा ओमच्या कॉइलमधून बारा व्होल्टला पाऊण अँपिअरहून थोडी जास्त वीज जाते. तोडत-जोडत चालण्यासाठी बनवलेली कॉइल सलग एवढ्या विजेवर ठेवली तर तापते, म्हणून दोन-चार सेकंदांत सोडावी. नुसता ‘टक’ ऐकून समाधान मानू नये. आवाज म्हणजे लोखंड हललं एवढंच, हवा अडली की गेली ते फुंकूनच कळतं.

विजेच्या बाजूने आणखी एक घोळ होतो तो मल्टीमीटरच्या आकड्याचा. बहुतेक गाड्यांत कपलरच्या एका तारेवर चावी ऑन करताच बॅटरीचा पूर्ण दाब येतो आणि दुसरी तार संगणक अर्थ करतो. चालत्या इंजिनात १३.८ व्होल्ट असताना संगणक शंभरातला चाळीस भाग वेळ तार अर्थ करत असेल, तर त्या दुसऱ्या तारेवर साधा मीटर सरासरी सव्वाआठ व्होल्टच्या आसपास दाखवतो. वायरमन म्हणतो, ‘करंट कमी येतोय’, आणि वायरिंग फाडायला बसतो. वास्तविक सगळं जसं हवं तसंच चाललेलं असतं. मीटरवर ड्युटी सायकलची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर एलईडीचा टेस्ट लॅम्प लावून तो लुकलुकतो का, रेसबरोबर त्याची चमक बदलते का, एवढं बघावं. जुना मोठा बल्ब संगणकाच्या तारेला लावू नये. तो जास्त वीज ओढतो आणि संगणकाचा आतला भाग जळू शकतो.

स्कॅनरचं काय? बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष टिपण्याची सोय) सक्तीचं झालं, त्या पुढच्या गाड्या कोड सांगतात. पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०४०३ म्हणजे सोलेनॉइडच्या विजेच्या वाटेत गडबड. पण पी०४०१ आला म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह बदला असं कोड म्हणत नाही. फाटकी नळी, दमलेला पंप, कार्बन, आतून अडकलेला सोलेनॉइड, सगळ्यांचा कोड तोच. आणि बीएस-३ च्या पुष्कळ गाड्या कोड सांगतच नाहीत. तिथे गेज आणि सिरिंज हेच साधन.

एक शेवटची चूक इतकी बालिश आहे की ती कुणी शोधत नाही. अल्टरनेटर किंवा डिझेल फिल्टरच्या कामासाठी सोलेनॉइडच्या नळ्या काढल्या जातात आणि परत लावताना अदलाबदल होते. पंपाची नळी ईजीआरच्या वाटेवर, ईजीआरची पंपाच्या वाटेवर. दोन्ही नळ्या सारख्याच जाडीच्या, बसतातही छान. मग एकदा उघडलेला व्हॉल्व्ह मिटतच नाही, आणि वर वीज नसताना पंप तिसऱ्या वाटेने धूळ ओढत राहतो. अंगावरच्या खुणा बारीक अक्षरात असतात, मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठ्या करून वाचाव्यात. नळ्या काढण्याआधी एक फोटो घेतला तर हा प्रश्न येतच नाही.

एवढं सगळं असताना प्रत्यक्षात काय होतं? मिस्त्री म्हणतात, ‘दादा, ईजीआर बंदच करून टाकू’, आणि गॅस्केटमध्ये पत्र्याचा तुकडा घालतात. गाडीचा धूर जातो, पिकअप येतो, मालक खूश. पीयूसीतही काही अडत नाही, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात. मर्यादा बीएस-४ गाड्यांना ५० हार्ट्रिज (धुराच्या दाटीचं माप), त्याआधीच्यांना ६५. नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की काजळी उतरते आणि नॉक्स चढतं, म्हणजे पत्रा मारलेली गाडी परीक्षेत जास्त चांगल्या गुणांनी पास होते. माझ्या मते ही पीयूसीतली सगळ्यात मोठी भेग आहे.

ही भेग फक्त तालुक्याच्या मिस्त्रीने शोधलेली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणात कंपनीच्या सॉफ्टवेअरने, गाडी चाचणीच्या रोलरवर असताना प्रदूषण-नियंत्रण नीट चालवायचं आणि रस्त्यावर ढिलं सोडायचं, असाच उद्योग केला होता. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने आपल्याकडच्या काही गाड्या रस्त्यावर मोजल्या, तेव्हा नॉक्स बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. कंपनीने भारतातल्या तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये तिला पाचशे कोटींचा दंड ठोठावला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीला अटकाव केला. गॅस्केटमधला पत्रा सॉफ्टवेअरइतका हुशार नाही, पण काम तेच करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे प्रदूषणाचं मानक मोडणारी गाडी चालवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पत्रा मारण्याने आणखी एक नुकसान होतं, ज्याची चर्चा होत नाही. खरा दोष तसाच राहतो. नळी फाटलेली असेल तर पंप रात्रंदिवस हवा गिळत राहतो, ब्रेकची ओढ हळूहळू घटत जाते, आणि धुराची खूणच पुसल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा गाडी काळा धूर मारू लागली तर मिस्त्रींना आधी तीन गोष्टी विचारा: एअर फिल्टर पाहिला का, तापलेल्या इंजिनावर ईजीआरच्या नळीत व्हॅक्यूम किती आला, आणि रेस दाबल्यावर तो लगेच सुटला का. आकडा सांगणाऱ्याकडे गाडी निर्धास्त सोडा. आकडा न घेताच इंजेक्टर उतरवायला निघालेल्याकडून चावी परत घ्या.